चिपाडाचा हिशोब : साखर कारखान्यातील काटकसर आणि पर्यावरण

महाराष्ट्रात गव्हाणीत पडलेल्या एक टन उसातून साधारण शंभर ते एकशेदहा किलो साखर निघते. सोबत २८० किलोच्या आसपास बगॅस म्हणजे चिपाड, चाळीसेक किलो मळी आणि तीस-चाळीस किलो प्रेसमड उरतो. बाकीचे बहुतेक पाणी. या उरलेल्या मालाचे काय केले जाते, यावर कारखान्याचा ताळेबंद अवलंबून असतो आणि भोवतालच्या ओढ्या-विहिरींचे पाणीही.

प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना सुरू झाला. त्यानंतरची कित्येक दशके जास्तीचा बगॅस म्हणजे कारखान्यांना अडगळ वाटे. बॉयलर कमी दाबाचे असत. चिपाड जळून संपावे, साठवण्याची कटकट नको, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. चिमणीची काजळी मात्र गावातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडे. इंधनाची नासाडी आणि गावाचा त्रास, दोहोंचे मूळ एकच होते.

जास्तीची वीज विकता येऊ लागली आणि चित्र पालटले. ६७, ८७, ११० बार दाबाचे बॉयलर आले. खरी करामत मात्र रस आटवण्याच्या विभागात झाली. एका भांड्यात रस उकळताना उठलेली वाफ पुढच्या भांड्याला द्यायची, तिच्यातलीच थोडी काढून कच्चा रस तापवायचा. उसाच्या वजनाच्या ५० टक्के लागणारी वाफ अशाने ४० टक्क्यांवर आणता येते. एक किलो बगॅसपासून सव्वादोन किलोच्या आसपास वाफ मिळते असे धरले, तर टनामागे सुमारे ४५ किलो बगॅस वाचतो. रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ही बचत दिवसाला सव्वादोनशे टनांवर जाते. पर्यावरणाचे नावही न घेता कोणताही चीफ इंजिनिअर हे करील.

आसवनीत असे आपोआप घडले नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश तयार होतो. त्याची जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅमपर्यंत असते. नदीत सोडण्याच्या सांडपाण्याला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. ओढ्यात सोडणे फुकट होते, म्हणून ते सोडले गेले आणि विहिरी तांबूस झाल्या. केंद्राने २००३ साली सतरा प्रदूषणकारी उद्योगांसाठी जबाबदारीची सनद काढली, पुढे सांडपाणी शून्यावर आणण्याची सक्ती झाली. स्पेंटवॉश घट्ट करून बॉयलरमध्ये जाळणे त्यानंतर रुळले. आता त्याच्या राखेतले पालाश खत म्हणून विकले जाते. म्हणजे धाक आधी, फायदा नंतर. कंपनी कायदा, २०१३ मधील दोन टक्के सामाजिक खर्चाचा बोलबाला फार. सहकारी कारखान्यांना तो कायदा लागूच नाही, आणि लागू असता तरी वृक्षारोपणाने स्पेंटवॉशची भरपाई झाली नसती.

कारखान्याच्या फाटकाबाहेर ही काटकसर तोकडी पडते. पीकक्षेत्रात थोडा वाटा असलेला ऊस राज्याच्या सिंचनाचे फार मोठे पाणी घेतो, आणि त्या पाण्याची खरी किंमत साखरेच्या उत्पादनखर्चात दिसत नाही. ठिबकने एकरी पाणी नक्कीच वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, गाळपक्षमता वाढवली, तर धरणातून होणारी उचल तेवढीच राहते. त्यावर मर्यादा घालायची तर ती खोऱ्यानुसार उसाचे क्षेत्र ठरवूनच घालावी लागेल. बॉयलर हाऊसमधल्या कोणत्याही सुधारणेने ते साधणार नाही.