नऊ नंबर परदेशी, गोल छेत्रीचे

मार्च २०२५. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात गोव्याच्या लिस्टन कुलासोचा क्रॉस आला आणि चाळिशीच्या सुनील छेत्रीने तो डोक्याने जाळ्यात घातला. त्याचा हा ९५वा आंतरराष्ट्रीय गोल. खरं तर जून २०२४ मध्येच कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो निवृत्त झाला होता. पण त्या अख्ख्या वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही, म्हणून प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावलं. एकशे चाळीस कोटींच्या देशात दुसरा स्ट्रायकर मिळू नये?

कारण साधं आहे. गोल करणं सरावात अर्धंच शिकता येतं, उरलेलं सामन्यातच. आणि आपल्या क्लबांत नऊ नंबरची, म्हणजे मधल्या स्ट्रायकरची जागा भारतीयाला सहसा मिळतच नाही. पैसे मोजून परदेशी खेळाडू आणायचा तर क्लब तो गोल करणाराच आणतात. इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा एका वेळी सहा परदेशी मैदानात उतरवता येत. पुढे पाच झाले, २०२१ पासून चार. संख्या घटली, पण मधली जागा बहुतेक परदेशी खेळाडूकडेच राहिली. गुणी भारतीय पोराला कडेला विंगवर ढकलायचं, ही रीत आयएसएलहून जुनी. छेत्री २००९-१०च्या मोसमात गोव्याच्या धेंपोकडून खेळला, तेव्हा तिथेही पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स होताच.

छेत्री टिकला तो जुळवून घेत. बंगळुरू एफसीकडून खेळताना अनेकदा डाव्या कडेला उभं राहायचं, चेंडू उजव्या कडेला गेला की हळूच आत सरकायचं. उंची बेताची, पाच फूट सात इंच. तरी हेडरचे गोल भरपूर. बचावपटूची नजर चेंडूवर खिळली की हा त्याच्या पाठीमागून निघतो, शेवटच्या दोन पावलांत वेग घेतो आणि समोरचा उडायच्या आत हवेत असतो. इथे उंचीपेक्षा वेळ साधणं मोठं. २०१५ मध्ये मुंबई सिटीसाठी नवी मुंबईत नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याने मारलेली हॅटट्रिक ही आयएसएलमधली भारतीयाची पहिली.

परदेशात मात्र त्याचं बस्तान बसलं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीकडून एकही लीग सामना मिळाला नाही, लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्येही ‘ब’ संघापुढे जाता आलं नाही. त्याच्या भक्तांना हे आवडत नाही, पण दर्जातला फरक तिथे दिसला.

छेत्रीच्या पुनरागमनाच्या कौतुकात आणखी एक गोष्ट विसरली जाते. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात छेत्री संघात होता. भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल झाला नाही. म्हणजे तो परत आला म्हणून दुखणं बरं होणार नव्हतंच. झालंही तसंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्ड्यात सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. भारताचा एकमेव गोल छांगटेचा. तोही विंगरच.

भारतीय फुटबॉल महासंघाला खरंच काही करायचं असेल तर देशातल्या एका तरी स्पर्धेत पुढची जागा भारतीयांसाठी राखून ठेवावी. निवृत्त माणसाला हाका मारणं हा उपाय नव्हे.