ट्यूडरकालीन रहस्यकथा आणि आमचे कान

मोबाइलवर पुस्तक ऐकणाऱ्या माणसाला आमचे काही सुशिक्षित मित्र हसतात. वाचनाचा आळस म्हणून ऐकण्याचे नाटक, असे त्यांचे मत. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी आम्ही दूरचे उदाहरण घेतो. इंग्लंडातील ट्यूडर घराण्याच्या काळावर रचलेल्या रहस्यकादंबऱ्या तिकडे पुष्कळ लोक आवडीने ऐकतात. ही गोडी कशाची?

आधी तो काळ पाहू. ट्यूडर घराण्याने १४८५ ते १६०३ पर्यंत राज्य केले. त्यातील आठवा हेन्री १५०९ साली गादीवर आला. १५३४ साली त्याने पोपची सत्ता झुगारून स्वतःस आपल्या देशातील धर्मसंस्थेचा प्रमुख ठरविले. १५३६ ते १५४० या चार वर्षांत मठ मोडले गेले आणि त्यांच्या जमिनी राजाकडे गेल्या. १५३६ साली राणी ॲन बोलीन हिचा शिरच्छेद झाला. मठ मोडण्याचे काम ज्याने केले, त्या थॉमस क्रॉमवेल मंत्र्याचेही मुंडके १५४० साली उडाले. काल जो धर्म होता तो आज गुन्हा ठरला. अशा राज्यात प्रत्येकाच्या पोटात काही ना काही लपलेले असते. रहस्यकथेला याहून सुपीक जमीन कोणती?

सी. जे. सॅन्सम या लेखकाने हीच जमीन कसली. ते इतिहासाचे अभ्यासक आणि पेशाने वकील. २००३ साली त्यांची 'डिसोल्यूशन' ही कादंबरी आली. पाठीला कुबड असलेला मॅथ्यू शार्डलेक नावाचा वकील एका मठात झालेल्या खुनाचा तपास करण्यास जातो, अशी ती कथा. २०१८ पर्यंत या मालेत सात कादंबऱ्या झाल्या. २०२४ साली सॅन्सम वारले.

आता मुद्दा असा. त्या काळी बोटांचे ठसे नव्हते, रक्ताची तपासणी नव्हती. तपास करणाऱ्याने माणसांना विचारायचे आणि त्यांचे बोलणे नीट ऐकायचे. कोण अडखळला, कोण फार गोड बोलला, हेच पुष्कळदा त्याच्या हाती लागे. म्हणजे शार्डलेकचे हत्यार कान आणि श्रोत्याचे हत्यारही कानच. छापील पुस्तकात उतावळा वाचक शेवटचे पान उघडून पाहतो. ऐकणारा सहसा तसे करीत नाही. तो साक्षीदारांच्या रांगेत मुकाट्याने बसतो. या कथा ऐकण्यास विशेष रुचतात, त्याचे कारण आमच्या मते हेच आहे.

आपल्याकडे अशी सामग्री नाही काय? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघे अठरा. 'धरावे'चे 'मारावे' कोणी केले, हा प्रश्न आजही आपल्या तोंडी आहे. ग्रँट डफ यांनी १८२६ च्या आपल्या इतिहासातही ही हकीकत दिली आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पण त्या दिवशी गारद्यांनी थकलेल्या पगाराचे निमित्त पुढे केले होते, आणि धन्याला वाचविताना चापाजी टिळेकर नावाचा सेवक मारला गेला, हे किती जणांस ठाऊक असते? कामगार चळवळीत वाढलेल्या आमच्यासारख्याची नजर तेथेच अडते. चांगली ऐतिहासिक रहस्यकथा सिंहासनावरून दृष्टी खाली आणते आणि दारावरच्या शिपायाला, स्वयंपाकघरातल्या बाईला विचारते : तू काय पाहिलेस?

ऐकणे हे वाचनाहून हलके, असे समजणाऱ्यांस एक हकीकत सांगतो. १८६५ साली क्यूबातील हवाना शहरात, एल फिगारो नावाच्या चिरूट कारखान्यात, मजुरांचे हात तंबाखू वळीत असता एक जण मोठ्याने वाचू लागला. त्याचा मोबदला मजूर आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. वर्षभरात, १८६६ साली, तेथील सत्तेने या वाचनावर बंदी घातली. ऐकणारा मजूर अडाणी राहात नाही, हे तिने बरोबर ओळखले होते! पुढे ही प्रथा पुन्हा रुजली आणि टिकली. आपल्या गावांतही चातुर्मासात एकाने हरिविजय वाचावा आणि चाळिसांनी ऐकावा, अशी रीतच होती. त्या चाळिसांना कोणी आळशी म्हटले नाही. २०१७ साली स्टोरीटेलसारखी संस्था मराठी पुस्तके घेऊन आली, तेव्हा यंत्र नवे आले. कान जुनेच होते.

एक सावधगिरी मात्र हवी. कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे. ऐकताना रंगावे आणि उठल्यावर विचारावे, की हे कोणी पाहिले, कोणी लिहिले, आणि लिहिणाऱ्याचा त्यात लाभ कोणता.

हा प्रश्न आपल्या हिमायतनगरलाही लागू आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. त्यापूर्वीचे भीतीचे दिवस जाणतेपणी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या पुष्कळ पुढे आहेत. कोणाच्या घरी रात्री कोण लपले, निरोप कोणी नेला, हे त्यांच्या तोंडीच आहे, कागदावर फारसे नाही. त्यांच्यातले कोणी ना कोणी दर साली आपल्यातून जाते. हेन्री राजाच्या काळातील साक्षीदारांचे बोलणे आज लेखकाला कल्पनेने रचावे लागते. आपले साक्षीदार अजून ओसरीवर बसलेले आहेत. मोबाइलवर कथा अवश्य ऐका. पण आज घरी गेल्यावर तोच मोबाइल आजीपुढे ठेवा आणि म्हणा, "आजी, तेव्हाचं सांग."