मराठी बालपुस्तकांचा शोध आणि शालेय ग्रंथपाल

शालेय ग्रंथालयाचा प्रश्न म्हणजे पुस्तकांच्या टंचाईचा प्रश्न, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके पुरविणारे ग्रंथालय असावे, असे सांगितले. तथापि शिक्षकांची संख्या काटेकोरपणे नमूद करणाऱ्या त्याच अनुसूचीत ग्रंथपालाचा मात्र उल्लेख नाही. पुष्कळ प्राथमिक शाळांत हे काम एखाद्या शिक्षकानेच वर्ग सांभाळून करावयाचे असते.

टंचाईचे स्वरूप मात्र मध्यंतरी पालटले आहे. बेंगळुरू येथील प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी स्टोरीवीव्हर हा इंटरनेटवरील बालपुस्तकांचा मुक्त संग्रह सुरू केला. त्यातील सचित्र गोष्टी मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य वाचता येतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर उपलब्ध झाले आहेत. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यानंतरची साठ वर्षे उलटल्यामुळे त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून स्वामित्वहक्काच्या बंधनातून मुक्त झाले. ‘पुस्तकच नाही’ ही तक्रार त्यामुळे बरीचशी मागे पडली. तिची जागा ‘पुस्तक आहे, पण सापडत नाही’ या अडचणीने घेतली आहे, आणि ही अडचण यंत्राची वाटली तरी वस्तुतः ती बव्हंशी भाषेची आहे.

समजा, तिसरीतील एका मुलास सशाची गोष्ट हवी आहे. ते शोधपेटीत ‘ससा’ असे लिहिते. शीर्षकात मात्र ‘सशाची’ असे रूप आहे. केवळ अक्षरांची जुळणी पाहणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हे दोन शब्द परस्परांस अगदीच परके होत. मराठी नामास विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘पाऊस’ याचे ‘पावसा’, ‘तारा’ याचे ‘ताऱ्या’, ‘विहीर’ याचे ‘विहिरी’ होते, हे प्रत्येक जण व्याकरणात शिकतो; परंतु ग्रंथशोधाशी त्याचा काही संबंध असेल, असे कोणाच्या मनात येत नाही. त्यातच मराठी बालकथांची शीर्षके अमक्याची गोष्ट, तमक्याच्या घरी, अशा वळणाची पुष्कळ असतात. म्हणजे नाम मूळ रूपात असण्यापेक्षा सामान्यरूपात असण्याचाच संभव अधिक. मूल रिकामा पडदा पाहते आणि सशाचे पुस्तकच नाही, असे समजून उठून जाते. ग्रंथपालाने अशा वेळी ‘ससा’ व ‘सशा’, ‘पाऊस’ व ‘पावसा’ अशी दोन्ही रूपे शोधावीत. ‘मासा’ याचे सामान्यरूप ‘माशा’ असल्याने त्या शोधात माशांबरोबर घरात घोंघावणाऱ्या माशाही येतील. पण मुलांची त्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही.

लेखनपद्धतीतील भेद हे दुसरे कारण होय. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘गांव’, ‘पांच’, ‘फुलें’ असे अनुस्वारयुक्त लेखन आढळते. साने गुरुजींच्या जुन्या आवृत्त्या त्याच वळणाच्या आहेत. याहून चमत्कारिक प्रकार ‘ताऱ्या’ यातील अर्ध्या ‘र’चा आहे. हे चिन्ह संगणकात दोन रीतींनी साठविले जाते: एका रीतीत त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ती भिन्न वाटू शकतात.

पुस्तक सापडल्यावर ते कोणास द्यावे, हा पुढचा प्रश्न. स्टोरीवीव्हरने त्यासाठी चार पायऱ्या केल्या आहेत. पहिलीतील गोष्ट सुमारे २५० शब्दांपर्यंतची, दुसरीतील ६०० पर्यंतची, तिसरीतील १,५०० पर्यंतची आणि चौथीतील त्याहून मोठी असते. ही सोय उपयुक्त आहे, परंतु शब्दसंख्येचे माप मराठीस सैल बसते. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत दोन शब्द झाले. त्याच अर्थास इंग्रजीत आठ लागतात. साहजिकच मराठीतील अडीचशे शब्दांत अधिक मजकूर मावतो आणि प्रत्येक शब्द उलगडण्यास मुलाला अधिक श्रम पडतात.

शिवाय मराठीत काठिण्य दोन प्रकारचे असते. ‘गोष्ट’, ‘रस्ता’, ‘चष्मा’ हे शब्द मुलाच्या तोंडी रोज असतात, पण जोडाक्षरामुळे वाचताना अडखळवतात. ‘नभ’, ‘जल’, ‘वन’ हे शब्द ते सहज वाचते, पण त्यांचा अर्थ घरच्या बोलीत नसल्याने वाचून काहीच हाती लागत नाही. जोडाक्षरे टाळण्याच्या हट्टापायी बाराखडीच्या पुस्तकांत या दुसऱ्या जातीच्या शब्दांची भरती होते. त्यापेक्षा पहिल्या जातीचा शब्द बरा. अक्षर अडले तरी अर्थ मुलाला पुढे ओढून नेतो.

मेळघाटातील कोरकूभाषक किंवा गडचिरोलीतील गोंडीभाषक मुलाच्या बाबतीत हे अंतर फार वाढते. कोरकू ही मुंडा गटातील आणि गोंडी ही द्राविड कुळातील भाषा; मराठीशी त्यांचे नाते बोलीचे नव्हे. अशा शाळेत पायरीचा आकडा जवळजवळ निरर्थक ठरतो. सुदैवाने स्टोरीवीव्हरवर या दोन्ही भाषांतीलही पुस्तके आहेत. त्या संग्रहाचा परवाना, मूळ लेखक, चित्रकार व प्रकाशक यांचा निर्देश केल्यास, पुस्तक छापण्याची, भाषांतरित करण्याची व त्यात फेरबदल करण्याची मुभा देतो. एखादे पुस्तक स्थानिक भाषेत उतरवून पालकांकडून तपासून घेणे आणि त्याच्या प्रती काढणे शाळेस त्यामुळे शक्य होते. अन्य संकेतस्थळांवरील पुस्तकांना ही मुभा असेलच असे नाही. ती प्रत्येक ठिकाणी पाहून घ्यावी लागते.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात मुलांच्या सहभागाने आंतरराष्ट्रीय बालग्रंथसंग्रह उभारण्यात आला व २००२ मध्ये तो खुला झाला, तेव्हा त्यात पुस्तक मुखपृष्ठाच्या रंगावरून शोधण्याची सोय ठेवण्यात आली होती. प्रौढास ती पोरकट वाटेल. परंतु शीर्षक विसरलेले मूल ‘ते लाल पुस्तक’ असेच म्हणते, हे कोणत्याही ग्रंथपालास ठाऊक असते. शाळेने उतरवून घेतलेल्या पुस्तकांची एक साधी वही ठेवल्यास तीत शीर्षकाशेजारी मुखपृष्ठाचा रंग, गोष्टीतील प्राणी किंवा वस्तू मूळ रूपात, आजच्या लेखनाप्रमाणे, म्हणजे ‘ससा’, ‘पाऊस’, ‘गाव’, आणि किती शब्दांवर मूल अडले याची खूण, एवढे लिहावे. वाचनाच्या तासाला जोडणी मिळेलच याचा भरवसा नसल्याने पुस्तके आदल्या दिवशीच उतरवून ठेवलेली बरी.