टाकीतली टकटक

आधी टाकीवरचा दिवा बंद करायचा, मग पंप, मग हीटर. नाहीतर घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तारांमध्ये शिरते आणि बाकी सगळं तिच्यात बुडतं. टोकं सोललेल्या दोन तारा पाण्यात सोडायच्या, दुसरीकडून त्या बॅटरीवरच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायच्या आणि स्पीकर लावायचा. टक्. टक्‌टक्. टक्.

मासा आफ्रिकेतला, ग्नॅथोनेमस पीटर्सी. दुकानात तो एलिफंटनोज म्हणून विकतात, पण ती सोंड म्हणजे नाक नव्हे, लांबलेली हनुवटी आहे. शेपटीच्या बारीक देठात स्नायूंपासून घडलेल्या पेशींच्या चकत्या रचलेल्या असतात. मेंदूचा हुकूम आला की त्या एकदम काम करतात आणि मिलिसेकंदभरही न टिकणारा स्पंद पाण्यात पसरतो. हात घातला तरी कळत नाही, इतका क्षीण.

विसावलेला मासा सेकंदाला पाच-दहा ठोके देतो, तेही अनियमित. लाल अळ्या टाकल्या की हनुवटी वाळूत फिरू लागते आणि टकटकीची सलग तर्र होते. नवी वस्तू शेजारी ठेवली, तर मासा जागचा न हलताही ठोके दाट होतात. त्याची दखल आधी कानाला कळते, डोळ्याला मागाहून. आवाजाचा जोरही फसवा असतो. मासा दोन तारांच्या रेषेत असला तर टक् ठणठणीत येते, आडवा वळला की जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे आवाज बारीक झाला म्हणजे मासा मंदावला, असं लगेच मानायचं नाही. मोजायचं ते दोन ठोक्यांमधलं अंतर. एकेका स्पंदाचा आकार जवळजवळ तोच राहतो, अंतर मात्र सतत बदलतं. या माशाची सगळी हालहवाल त्या अंतरात असते.

प्रत्येक स्पंदाभोवती विजेचं क्षेत्र तयार होतं. धातू ते आपल्याकडे खेचतो, दगड दूर लोटतो, आणि हा फरक कातडीतल्या ग्राहकांना जाणवतो. गढूळ पाण्यात, अंधाऱ्या रात्री तो असंच चाचपतो. या कामासाठी त्याचा मेंदू शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे ६० टक्के वापरतो. इतका महागडा मेंदू बाळगणारे प्राणी फार थोडे, आणि मला तरी हे त्या सोंडेपेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं.

अशा माशांकडे विज्ञानाचं नीट लक्ष गेलं ते १९५१ साली. केंब्रिजच्या हान्स लिसमन यांनी जिम्नार्कस या दुसऱ्या आफ्रिकी माशाच्या शेपटीजवळून अखंड येणारे विद्युतसंकेत नोंदवले. पुढे त्यांनी आणि केनेथ मेशिन यांनी सच्छिद्र भांडी पाण्यात ठेवून त्याला शिकवलं. बाहेरून सारखीच, पण एकात काचेची कांडी, दुसऱ्यात नुसतं पाणी. दिसायला फरक शून्य, तरी मासा भांडी ओळखायचा. प्राचीन इजिप्तमध्ये या माशांच्या एका नातलगाला पवित्र मानत आणि थडग्यांच्या भिंतींवर कोरत; तोही विजेवर वावरतो, हे मात्र त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

माझ्या टाकीत एकच मासा असतो. गाबोनच्या इविंदो नदीत अशा माशांची गर्दी आहे, आणि तिथे कार्ल हॉपकिन्स आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं तारा व स्पीकर घेऊन ऐकत राहिले. दिसायला जवळजवळ एकसारख्या जातींचे स्पंद ऑसिलोस्कोपवर वेगवेगळे निघाले. काही जातींना शास्त्रीय नाव नसल्याने वर्षानुवर्षं त्या संकेताक्षरांनीच ओळखल्या गेल्या. १९८१ साली हॉपकिन्स आणि अँड्र्यू बास यांनी नरांना कृत्रिम स्पंद ऐकवले. आपल्या जातीच्या मादीचा स्पंद आला की नर ठोक्यांची एक भरभर लड सोडतो. मादीच्या स्पंदाइतकाच वेळ टिकणारा साधा चौकोनी स्पंदही त्याला पुरला. तो वेळ बदलला, की नराचं उत्तर कमी होत गेलं.