काँक्रीट पडण्याआधीचा तास

सकाळी साडेसहाला स्लॅबवर चढलो, तेव्हा काँक्रीटची पहिली गाडी गेटवर येऊन उभी होती. पुण्याजवळची सात मजली इमारत, तिसऱ्या मजल्याचा स्लॅब. तपासणीच्या कागदावर आदल्या संध्याकाळीच मी सही केली होती. ज्यांच्या हाताखाली मी सुपरवायझरचं काम शिकत होतो, त्यांना सगळी साइट काका म्हणायची. ते सळयांवरून जपून पावलं टाकत बाल्कनीपाशी गेले, उकिडवे बसले, खिशातला टेप काढून सळईखाली धरला आणि म्हणाले, "पंप चालू करू नका."

खोलीच्या स्लॅबला कडेने आधार असतो. भार आला की तो मधोमध खालच्या अंगाने ताणला जातो, म्हणून तिथलं मुख्य लोखंड खाली. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली. ती वरच्या अंगाने ताणली जाते, म्हणून तिचं मुख्य लोखंड वर. आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिलच्या दोन वर्षांत ही आकृती मी कितीदा तरी काढली होती. पण वायरिंगचे पाइप टाकणारी मुलं त्या सळयांवरून फिरली होती. खाली टेकू देणाऱ्या चेअर कमी होत्या आणि सळया दबून जवळजवळ दोन इंच खाली गेल्या होत्या. मी सळयांची संख्या मोजली होती, त्यांच्यातलं अंतर मोजलं होतं. त्या किती उंचीवर आहेत, ते पाहिलंच नव्हतं.

काकांनी तिथेच हिशेब मांडायला लावला. बाल्कनीची जाडी १५० मिलिमीटर. सळईवरच्या काँक्रीटचं कव्हर २० आणि सळई १० मिलिमीटरची, म्हणजे खालच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत १२५ मिलिमीटर. ती ५० मिलिमीटर दबली, तर उरले ७५. लोखंड तेवढंच, काँक्रीटही तेवढंच, पण बाल्कनीची साधारण चाळीस टक्के ताकद गेली. वरून गुळगुळीत फिनिशिंग झाल्यावर हे कुणाला दिसलं असतं?

फिटरने उरलेल्या तुकड्यांच्या चेअर वाकवून दिल्या आणि काकांनी त्या माझ्याकडून बांधून घेतल्या. प्लँटवर गाडी भरल्यापासून साधारण दोन तासांत ती रिकामी व्हावी लागते. गाडीचा ड्रम फिरत होता, मुकादम घड्याळ दाखवत होता, ऑफिसातून फोनवर फोन येत होते. पंप चालू झाला तो पाऊण तासाने.

त्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. सेंट्रिंगच्या सुतारामागे फिरून टेकू ठोकून बघायला शिकलो. पक्का बसलेला आणि सैल राहिलेला टेकू वेगवेगळा वाजतो. गवंड्याकडून ओळंबा शिकलो. पाण्याच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला की लेव्हल खोटी येते, हेही त्यांनीच दाखवलं. लाइनआउटला काटकोन तपासायचा तर एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि तिरकं माप बरोबर पाच यायला हवं. फिटरने सळईचं वजन काढायला शिकवलं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. दहा मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला ६१७ ग्रॅम येतं. गाडीतून उतरलेला माल चलनाशी जुळतो का, हे त्यावरून कळतं.

काँक्रीट पडताना नजर सगळीकडे लागते. स्लम्पचा शंकू ३०० मिलिमीटर उंच. तो भरून उचलला की ढीग किती खाली बसतो, ते मोजायचं. १५० मिलिमीटरचे क्यूब भरून ठेवायचे, ते ७ आणि २८ दिवसांनी दाबून पाहतात. व्हायब्रेटरची सुई उभी घालायची, सावकाश वर काढायची, सळईला टेकवायची नाही. आणि माल सरकत नाही म्हणून कुणी पाण्याचा पाइप उचलला, तर आधी तो हात धरायचा. जास्तीच्या पाण्याने काँक्रीट पसरतं भराभर, पण त्याची ताकद उतरते.

मग पाणी मारणं. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. रविवार असो की सण, स्लॅबवर बांधलेल्या आळ्यांत पाणी आहे का, हे बघायला सुपरवायझरने जायचं. हजेरी, सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब, रोजचा अहवाल ही कामंही त्याचीच, पण ती महिन्याभरात जमतात.

एक गोष्ट मात्र महिन्याभरात जमत नाही. गाडी दारात उभी असताना, चाळीस माणसं खोळंबलेली असताना, विशी-बाविशीतल्या मुलाने "थांबा" म्हणायचं, ही ती गोष्ट. काकांना मी विचारलं होतं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "वाटते रे. पण काँक्रीट पडलं की आपल्याला काही बघता येत नाही. उद्या त्या बाल्कनीत कुणाची तरी आजी उभी राहणार आहे."

अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी विनंती आहे: मुलांना निदान सहा महिने फिटर, सुतार आणि गवंडी यांच्या हाताखाली घाला. आणि बांधकाम करणाऱ्यांनो, तुमच्या सुपरवायझरला काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. तो अधिकार नसेल, तर तपासणीच्या कागदावरच्या त्याच्या सहीला काही अर्थ नाही.