थेंब कुठून येतो?

(यंत्र जुने झाले म्हणजे निकामी झाले असे नाही. नीट निगा राखली तर जुने यंत्रही चांगले काम देते. जुन्या बुलेट मोटारसायकलचे तेल का गळते आणि ती गळती कशी शोधावी व थांबवावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, बुलेट मोटारसायकल तुम्ही नक्कीच पाहिली असेल. ती दिसण्याआधीच तिचा धडधड आवाज ऐकू येतो. रॉयल एन्फील्ड ही मूळची इंग्लंडमधील रेडिच या गावची कंपनी. १९५५ साली तिने मद्रास मोटर्स या कंपनीबरोबर 'एन्फील्ड इंडिया' ही कंपनी काढली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. मद्रासचे नाव आता चेन्नई आहे. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडहून येत आणि येथे जोडले जात. पुढे ते भाग भारतातच बनू लागले. १९७० साली इंग्लंडमधील उत्पादन बंद पडले. भारतातील बुलेट मात्र चालूच राहिली. म्हणूनच चाळीस-पन्नास वर्षांच्या बुलेट आजही आपल्याकडे रस्त्यांवर धावताना दिसतात.

अशी गाडी रात्रभर उभी राहिली, की सकाळी तिच्याखाली तेलाचे डाग दिसतात. "जुनी बुलेट आहे, तेल गळणारच," असे लोक सहज म्हणून जातात. पण हे खरे नाही. प्रत्येक गळतीला काहीतरी कारण असते. ते कारण सापडले, की गळती थांबवता येते.

आधी हे तेल कोठे असते ते पाहू. जुन्या बुलेटमध्ये तेलाचे तीन वेगवेगळे कप्पे असतात. पहिला कप्पा इंजिनाचा. दुसरा गाडीच्या डाव्या बाजूचा. त्यात क्लच असतो आणि इंजिनाची शक्ती क्लचपर्यंत नेणारी साखळी असते. तिसरा कप्पा म्हणजे गिअरबॉक्स. त्यात लहानमोठी दातेरी चाके एकमेकांत अडकून फिरतात. गिअरबॉक्समधून शक्ती बाहेरच्या एका दातेरी चाकावर येते. त्याला 'स्प्रॉकेट' म्हणतात. या स्प्रॉकेटवरची साखळी मागचे चाक फिरवते.

लोखंडावर लोखंड घासले, की उष्णता निर्माण होते आणि झीज होते. तेलाचा पातळ थर दोन्ही भागांच्या मध्ये राहतो व घर्षण कमी करतो. तेल गळून संपले, तर दाते झिजतात. गिअरबॉक्स जाम झाला, तर चालत्या गाडीचे मागचे चाक एकदम अडू शकते. दुसरा धोका याहूनही जवळचा आहे. गळलेले तेल मागच्या टायरवर उडाले, तर वळणावर गाडी घसरते. म्हणजे हा प्रश्न केवळ अंगणातल्या डागांचा नाही. गाडीवर बसलेल्या माणसाच्या जिवाचा आहे.

आता गळती शोधायची कशी? पावसाळ्यात घराचे छप्पर गळते, तेव्हा पाणी खोलीच्या एका कोपऱ्यात टपकते. पण फुटलेले कौल त्या कोपऱ्याच्या वर असतेच असे नाही. पाणी वाशावरून घरंगळत येते आणि वाट मिळेल तेथे पडते. तेलाचेही तसेच आहे. तेल वरून खाली ओघळते. गाडी धावत असताना वारा ते मागे ढकलतो. शेवटी ते सर्वांत खालच्या बोल्टवरून टपकते. अनेक जण तो बोल्टच आवळत बसतात. त्या बिचाऱ्या बोल्टचा काहीच दोष नसतो!

म्हणून चांगला मेकॅनिक प्रथम पाना हातात घेत नाही; तो फडके घेतो. इंजिन थंड झाल्यावर तो ब्रश आणि थोडे डिझेल घेऊन सगळा भाग धुतो व पुसून कोरडा करतो. या वेळी जवळपास विस्तव नसावा. मग तो संशयाच्या जागांवर खडूची बारीक भुकटी भुरभुरतो. गाडी थोडी फिरवून आणतो, सपाट जागी उभी करतो आणि खाली जुने वर्तमानपत्र पसरतो. पांढऱ्या भुकटीवर तेलाची ओली रेघ चटकन दिसते. ती रेघ खालून वर आणि मागून पुढे पाहत जायचे. सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हेच गळतीचे मूळ. तुमच्या वर्गातला खडू असा गॅरेजमध्येही उपयोगी पडतो.

तेल नीट पाहिले, तर तेही काही सांगते. काळे तेल बहुधा इंजिनाचे असते. गिअरबॉक्सचे तेल घट्ट व चिकट असते. कधी कधी ते तेल कोणत्याच कप्प्यातले नसते; मागच्या साखळीला जास्त लावलेले तेल उडालेले असते. तेव्हा दुरुस्तीची नव्हे, फक्त सफाईची गरज असते.

जुन्या बुलेटमध्ये तीन जागा विशेष तपासाव्या लागतात.

पहिली जागा म्हणजे डाव्या बाजूचे क्लचचे झाकण. हे मोठे झाकण मधल्या एकाच नटाने बसवलेले असते. झाकणाच्या कडेला रबराची रिंग असते. ती कडक झाली किंवा जागेवरून सरकली, की तेल बाहेर येते. अशा वेळी नट जोराने आवळण्याचा मोह होतो. पण मध्यभागी जास्त दाब दिला, की झाकण वाकते, त्याची कड नीट टेकत नाही आणि गळती वाढते. खरा उपाय सोपा आहे. तेल काढून घ्यावे, झाकण उघडावे, कडा फडक्याने स्वच्छ पुसाव्यात, नवी रिंग खाचेत नीट बसवावी आणि नट बेताने आवळावा. कडा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नयेत. एक ओरखडासुद्धा तेलाला वाट करून देतो.

दुसरी जागा गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूची. तेथे झाकण आणि मुख्य भाग यांच्यामध्ये कागदी गॅस्केट असते. मेकॅनिक त्याला 'पॅकिंग' म्हणतात. फाटलेले किंवा सुकलेले पॅकिंग पुन्हा वापरू नये. नवे पॅकिंग बसवताना सर्व स्क्रू थोडे थोडे आणि समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे दाब सारखा पडतो.

तिसरी जागा सहज दिसत नाही. ती स्प्रॉकेटच्या मागे असते. गिअरबॉक्समधून जो फिरता भाग बाहेर येतो, त्याच्याभोवती 'ऑइल सील' नावाचे कडे असते. बाहेरून धातू, आत रबराची पातळ ओठासारखी कड आणि तिच्यामागे बारीक स्प्रिंग, अशी त्याची रचना असते. ही कड फिरत्या भागाला हलकेच चिकटून राहते आणि तेल अडवते. उष्णतेने व वयाने रबर कडक होते आणि तेल बाहेर येऊ लागते. सील बदलण्यासाठी क्लच आणि त्यामागचे आवरण काढावे लागते. म्हणून हे काम अनुभवी हातांचे आहे. नवे सील बसवण्याआधी तो फिरता भाग पाहावा. त्यावर खाच पडली असेल किंवा तो हलत असेल, तर नवे सीलही लवकरच गळू लागते. सीलची कड तेलाच्या बाजूला ठेवावी, तिला थोडे तेल लावावे आणि सील सरळ दाबून बसवावे.

कधी सर्व सील नवे असूनही गळती थांबत नाही. तेव्हा तेलावर दाब का येतो, हे पाहावे. इंजिनाचा दट्ट्या खालीवर होताना आतली हवा दाबली जाते. ती बाहेर जाण्यासाठी एक नळी असते. ती नळी कचऱ्याने बंद झाली, की हवा दुसरी वाट शोधते आणि जाताना तेलही बाहेर ढकलते. तसेच "जास्त तेल घातले तर बरे," असे समजून प्रमाणाबाहेर तेल भरले, तर तेही बाहेर पडते. या जुन्या गिअरबॉक्समध्ये पातळ ग्रीस व घट्ट तेल वापरण्याची पद्धत होती. त्याऐवजी फार पातळ तेल घातले, तर ते लहानशा फटीतूनही निसटते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल, सांगितलेल्या पातळीपर्यंतच भरावे.

काढलेले जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते पाण्यावर पसरते, पाणी व जमीन दूषित करते. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे. काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. ही कामे तुम्ही एकट्याने करू नका. जाणकार मोठ्या माणसाबरोबर राहून शिका.

मित्रांनो, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाचे कपडे तेलकट असतात, म्हणून त्याचे काम केवळ हातांचे आहे असे समजू नका. तो आधी पाहतो, पुसतो, विचार करतो आणि मगच पाना उचलतो. जोर लावून आवळणे सोपे असते. मूळ शोधणे कठीण असते. पण मूळ सापडले, की लहानसे रबरी कडेसुद्धा मोठी गाडी वाचवते.

शब्दार्थ

गळती – फटीतून थेंब थेंब बाहेर येणे
कप्पा – खाना
घर्षण – रगड, घासले जाणे
झीज – घासून कमी होणे
दातेरी – दाते असलेले
ओघळणे – धार होऊन खाली येणे
वासा – छपराखालचे आडवे किंवा तिरपे लाकूड
दट्ट्या – पिस्टन
मूळ – जड, सुरुवातीची जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुन्या बुलेटमध्ये तेलाचे किती कप्पे असतात?
(आ) चांगला मेकॅनिक प्रथम हातात काय घेतो?
(इ) ऑइल सील कोठे बसवलेले असते?

२. कारणे लिहा.
(अ) क्लचच्या झाकणाचा नट फार आवळू नये.
(आ) जुने तेल गटारात ओतू नये.

३. गळती शोधण्याची रीत तुमच्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. 'जमीन', 'दुरुस्ती', 'सफाई' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या जवळच्या गॅरेजला भेट द्या. तेथील पाच हत्यारांची नावे व त्यांचे उपयोग वहीत लिहा.