अर्धकच्च्या माशांमधून होणारे कृमिसंसर्ग : पूर्णा खोऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार परिसरात मासा हा रोजच्या ताटातील पदार्थ नसला, तरी तो अपरिचितही नाही. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या जलाशयांतून रोहू, कटला, मृगळ हे मासे मिळतात. ओढ्या-तळ्यांतून मरळ, वाम, मागूर आणि झिंगे येतात. हे सारे बहुधा मसाल्याच्या कालवणात रटरटून शिजते अथवा तव्यावर खरपूस तळले जाते. त्यामुळे माशातून माणसाला कृमी होतात, हे विधान आपल्या विद्यार्थ्यांना परदेशातील गोष्ट वाटते. त्यांचे हे वाटणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. ते कशामुळे बरोबर आहे आणि कोठे अपुरे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माशाचे कृमी आणि माशातून येणारे कृमी :

मासा साफ करताना आतड्यात पांढरी, फितीसारखी लांब कृमी दिसली की गिऱ्हाईक मासा परत करते. ही भीती चुकीच्या ठिकाणी आहे. मरळ व वाम यांच्या आतड्यातील सेंगा किंवा मागूर माशातील लायटोसेस्टस हे पट्टकृमी माशातच प्रौढ होतात. मासा हा त्यांचा अंतिम आश्रयदाता असल्यामुळे माणसाच्या शरीरात त्यांना थारा मिळत नाही. शिवाय आतडी फेकूनच दिली जातात.

धोका असतो तो मासा मध्यस्थ आश्रयदाता असतो तेव्हा. अशा वेळी कृमीची अळी माशाच्या मांसात एका सूक्ष्म पुटीत निपचित पडून असते आणि मासा एखाद्या सस्तन प्राण्याच्या किंवा पक्ष्याच्या पोटात जाण्याची वाट पाहते. बाजारात मासा निवडणाऱ्याला ती सहसा दिसत नाही. अपवाद क्लायनोस्टोमम या पर्णकृमीचा. त्याच्या अळ्या पिवळसर दाण्यांसारख्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हा कृमी बगळ्याच्या घशात प्रौढ होतो, पाण्यातील गोगलगायीत वाढतो आणि तेथून माशात शिरतो. बगळा, गोगलगाय व मासा हे तिघेही आपल्या कोणत्याही पाझर तलावावर एकत्र आढळतात. जपान व कोरियात गोड्या पाण्यातील कच्चा मासा खाणाऱ्यांच्या घशात हा कृमी चिकटून दाह झाल्याची उदाहरणे आहेत.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मराठवाड्यात मत्स्यकृमींच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातून गेल्या काही दशकांत अनेक जाती वर्णिल्या गेल्या. 1980 मध्ये वाम माशातून वर्णिलेल्या दोन जातींना तर औरंगाबाद आणि गोदावरी यांचीच नावे आहेत. पुढे 2011 मध्ये मागूर माशातील पट्टकृमींची फेरतपासणी झाली, तेव्हा अशा डझनावारी नावांपैकी मोजकीच ग्राह्य ठरली. ते काहीही असो. आपल्या प्रयोगशाळांनी आतडी पुष्कळ उघडली, मांस मात्र फार थोड्यांनी तपासले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लोकांच्या आरोग्याचा प्रश्न मांसाशी निगडित आहे.

मरळ आणि नॅथोस्टोमा :

मरळ या माशाच्या संदर्भात नॅथोस्टोमा स्पायनिजेरम या गोलकृमीची माहिती विशेष महत्त्वाची आहे. हा कृमी मांजर व कुत्रा यांच्या जठराच्या भित्तीत राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली अळी सायक्लॉप्स हा सूक्ष्म जलजीव गिळतो आणि सायक्लॉप्सला मासा वा बेडूक खातो. माशाच्या स्नायूंत ती सुमारे तीन-चार मिलिमीटरपर्यंत वाढून थांबते. असा मासा माणसाने कच्चा खाल्ला, तर अळी प्रौढ होऊ शकत नाही. ती जठर वा आतड्याची भित्ती भेदून शरीरभर भटकते. त्वचेखाली सूज येते, काही दिवसांनी ती ओसरते आणि पुन्हा दुसरीकडे उद्भवते. हे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. अळी डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. मेंदूत वा मज्जारज्जूत गेली तर प्राणावर बेतते. थायलंड, जपान व मेक्सिको येथे हा रोग चांगला परिचित आहे. मेक्सिकोत तो मुख्यतः लिंबूरसात मुरवलेल्या माशातून होतो. लिंबू, व्हिनेगर, मीठ वा तिखट लावल्याने मासा 'शिजतो' हा समज तेथील रुग्णांना महागात पडला.

आता आपल्याकडील एका प्रथेचा विचार करू. मृग नक्षत्र लागते त्या सुमारास, जून महिन्यात, हैदराबादेत दमेकऱ्यांना जिवंत मरळीचे पिलू गिळण्यास दिले जाते. पिवळ्या औषधी लगद्यासह दोन-तीन इंचांचा हा मासा थेट घशात सोडला जातो; शाकाहारी व्यक्तींना तोच लगदा गुळातून मिळतो. बत्तिनी कुटुंबाच्या सांगण्यानुसार ही प्रथा 1845 पासून चालत आली आहे. कोविडमुळे 2020 ते 2022 या काळात खंडित झालेला हा उपक्रम 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. ते जाणे-येणे अद्याप तुटलेले नाही आणि आपल्या भागातील दमेकरीही मृगाच्या माशासाठी जातात.

या प्रथेतून कृमिरोग पसरतो, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. मरळीची पिले लहानपणी सायक्लॉप्ससारख्या सूक्ष्म प्राण्यांवरच जगतात. ती ज्या तळ्यात वाढतात, तेथे कुत्र्या-मांजरांचा वावर असेल, तर चक्र पूर्ण होण्यास लागणारे सारे घटक तेथे हजर असतात. ज्याला दमा आहे त्याच्या रक्तात इओसिनोफिल पेशी अनेकदा मुळातच वाढलेल्या असतात. नॅथोस्टोमाच्या संसर्गातही त्याच वाढतात. म्हणजे उद्या कोणास संसर्ग झालाच, तर रक्ततपासणीतील खूण दम्याच्या खात्यावर जमा होण्याची शक्यता अधिक. सूज जागा बदलते असे सांगणाऱ्या रुग्णास, मृगाचा मासा घेतला होता काय, हे विचारणे डॉक्टरांस सहज शक्य आहे.

यकृतकृमी व फुप्फुसकृमी :

थायलंडच्या ईशान्य भागात कच्च्या माशाचे 'कोई प्ला' नावाचे खाद्य लोकप्रिय आहे. त्यातून ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनी हा यकृतकृमी पित्तनलिकांत शिरतो आणि वर्षानुवर्षे राहून पित्तनलिकेचा कर्करोग घडवू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला 1994 मध्ये व चीन-कोरियातील क्लोनॉर्किस सायनेन्सिसला 2009 मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. प्राझिक्वांटेल या औषधाने कृमी मरतो. पण कच्चा मासा पुन्हा खाल्ला की संसर्ग पुन्हा होतो.

भारतात अधिक निकटचा धोका खेकड्याचा. पॅरागोनिमस हा फुप्फुसकृमी कच्च्या वा अर्धवट भाजलेल्या खेकड्यातून येतो. मणिपूरमध्ये 1980 च्या दशकापासून त्याचे रुग्ण नोंदले गेले. खोकला व थुंकीतून रक्त ही लक्षणे क्षयासारखीच असल्याने अनेकांना क्षयाची औषधे दिली गेली आणि अर्थातच गुण आला नाही. आपल्याकडे खोकल्यावर खेकड्याचे कालवण देतात. ते उकळलेले असते, म्हणून निर्धोक. शेतात गुरे राखणारी मुले खेकडे जाळावर भाजतात, तेव्हा मात्र कवच काळे पडले म्हणजे आतील मांस शिजले, असे होत नाही.

उष्णता, थंडी आणि आतडी :

माशाच्या जाडसर तुकड्याच्या मध्यभागी 63 अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की या अळ्या जगत नाहीत. उकळत्या कालवणात ते सहज साधते. मोठ्या आचेवर घाईने तळलेल्या जाड तुकडीत ते साधेलच असे नाही. काट्याजवळचे मांस अपारदर्शक होऊन सुटे झाले की नाही, हे पाहावे. कच्चे खायचेच असेल, तर मासा उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. घरच्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड नसतो.

राहिला प्रश्न टाकाऊ भागाचा. बाजारात मासे कापणाऱ्यांभोवती कुत्री-मांजरे जमतात आणि कच्ची आतडी व मांसाचे तुकडे त्यांना मिळतात. नॅथोस्टोमाचे चक्र येथेच सांधले जाते. नारूचे ताजे उदाहरण यासाठी बोलके आहे. सायक्लॉप्सयुक्त पाण्यातून होणारा हा रोग महाराष्ट्रातील बारवांच्या गावांना चांगला ठाऊक होता. देशातील शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. परंतु आफ्रिकेतील चाड देशात 2012 पासून तोच नारू कुत्र्यांत आढळू लागला. कच्चे मासे व त्यांची आतडी खाण्यातून तो कुत्र्यांत पसरत असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. त्यामुळे तेथे गावोगाव माशांची आतडी पुरण्याची व मासा नीट शिजवण्याची मोहीम घ्यावी लागली.

आपल्या पूर्णा खोऱ्यातील माशांच्या मांसात नेमक्या कोणत्या अळ्या आहेत, हे शोधणे महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातील काम आहे. मांसाचा पातळ तुकडा दोन जाड काचांमध्ये दाबून सूक्ष्मदर्शीखाली पाहता येतो. तसेच मांस पेप्सीन व विरल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात 37 अंशांवर काही तास ठेवून गाळल्यास मांस विरघळते आणि अळ्या तळाशी उरतात. यासाठी एक इनक्युबेटर, बारीक जाळीची चाळणी आणि बाजारातून आणलेल्या चार मरळी पुरेशा आहेत.